दुसरा बहर

तण उपटता उपटता थोरलीचा अंगठा एका रोपाच्या पानाखाली गेला आणि तिथंच थांबला. पानाच्या पाठीला लव होती. मांजराच्या कानावर असते तशी, दिसायची नाही पण लागायची. हाताला चिकटलेली माती असेल म्हणून तिने हात कपड्याला पुसला आणि पान पुन्हा चाचपलं. लवच होती. देठही लालसर होता.

बागेतल्या गोडीचं पान कसं, तर धुऊन पुसून ठेवलेल्या ताटलीसारखं. वरून गुळगुळीत, खालून गुळगुळीत. कंबरभर उंचीचं झुडूप, काटा नाही, फळ काळंभोर आणि मधासारखं. लव असायची ती ओढ्याकाठच्या कडवीला. कडवी म्हणजे गोडीचीच रानातली बहीण. अंगभर काटे, फळ वाटाण्याएवढं, आणि चव अशी की पाखरूही चोच मारून पस्तावतं.

थोरलीने शेजारचं रोप बघितलं. गुळगुळीत. त्याच्या पलीकडचं, गुळगुळीत. त्याच्या पलीकडच्याला लव. ती गुडघ्यांवर सरकत वाफ्याच्या टोकापर्यंत गेली आणि तिथं तशीच बसून राहिली. गोडीची रोपं कडवीच्या वळणावर फिरली होती. एक-दोन नव्हे, वाफेच्या वाफे.

बाग थोरलीच्या सासरची नव्हती. बाग वरच्या वस्तीची. वस्तीचा सगळा उतार खडकाळ, तिथं गोडीखेरीज काही उभं राहायचं नाही, आणि तीही बियांपासून वाढवलेली लागायची. फांदी तोडून लावली की मूळ वरच्यावर पसरतं आणि पहिल्या कोरड्या हंगामात झुडूप वाळतं. बियाचं मूळ तेवढं खडकाची फट शोधत खाली जातं. म्हणून खाली ओढ्याजवळ, बऱ्या मातीत, वस्तीने ही बाग राखली होती आणि बागेसोबत हे घर. बी धरायचं, रोपं करायची, वस्तीला द्यायची. बदल्यात दोन खोल्या, विहिरीचं पाणी आणि कुंपणालगतची एक पट्टी पोटापुरतं पिकवायला. थोरलीच्या सासऱ्याच्या बापापासून हेच चालत आलेलं. रोप खरं तोवर घर आपलं, हे कुठं लिहिलेलं नव्हतं आणि लिहायची गरजही नव्हती.

मागल्या साली भर बहरात थंडी उलटून आली. रात्रीत दहिवर गोठलं आणि सकाळी बागेतली फुलं चहाच्या चोथ्यासारखी झाली. वरच्या उताराचं तर विचारूच नका. तिथली जुनी झुडपं खोडापर्यंत करपली. वस्तीच्या लोकांनी मेलेली खोडं उपटली आणि सगळ्यांची नजर खाली बागेकडे लागली. बागेत मात्र फूल नव्हतं, म्हणजे बी नव्हतं, म्हणजे रोपही नाही.

थोरलीचा नवरा त्या वेळी अंथरुणावर होता. त्याला सगळे माळीच म्हणत. विहिरीच्या काठावरून पाय घसरून त्याचं कमरेचं हाड मोडलं होतं. तेव्हा थोरलीनेच कात्री घेतली आणि करपलेला प्रत्येक शेंडा छाटून टाकला. "आता छाटू नको, झाड कोलमडेल," माळी आतून ओरडत होता. पण झाड कोलमडलं नाही. महिनाभराने छाटलेल्या जागी कळ्या धरल्या आणि दुसरा बहर असा आला की पानं दिसेनात. वरच्या वस्तीतली माणसं बघायला आली. थोरलीची लेक वस्तीतच दिलेली. तिच्या सासूने सगळ्यांदेखत म्हटलं, "अशी विहीण मिळायला भाग्य लागतं. हिने मेलेली बाग उठवली."

त्याच दिवसांत एकदा थोरलीचा सासरा अंगणातल्या बाजेवरून बोलला होता. म्हाताऱ्याला डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण नाक शाबूत होतं. "थोरले, कडवीचा वास येतोय गं."

"ओढ्याकडून वारा आहे, मामंजी."

"वारा आहे हे मलाही कळतं. पण गोडीचाही येतोय. दोघींचा एकदम कसा?"

थोरलीच्या डोक्यावर पाटी होती, मागे पाहुणे उभे होते. ती तशीच पुढे गेली.

एरवी गोडीच्या पाकळ्या गळून मातीत मिळायच्या आणि मगच कडवी फुलायची. दोघींची कधी गाठ पडायची नाही. म्हणून ओढ्याकाठची कडवी कुणी कधी तोडली नव्हती. उलट तिच्या मुळांनी काठ धरून ठेवला होता. कडवीपासून बागेची राखण कुणी केली नव्हती, कारण ती राखण ऋतूच करत आला होता. थोरलीने छाटणी केली आणि गोडीचा बहर नेमका कडवीच्या बहरात आणून ठेवला. मधमाश्या ओढ्याकाठच्या फुलांची धूळ बागेतल्या फुलांत नेत राहिल्या, आणि सगळे टाळ्या वाजवत राहिले.

ती घरात आली तेव्हा माळी काठी टेकून चुलीजवळ उभा होता. तिने दोन रोपं त्याच्या हातात दिली. त्याने एक चाचपलं, दुसरं चाचपलं, मग पहिलं पुन्हा.

"किती आहेत अशी?"

"निम्म्याहून जास्त."

"नीट बघितलंस?"

"तुम्हीच चला."

तो काठी टेकत वाफ्यापर्यंत गेला. खाली बसता येईना, तेव्हा एका हाताने तिचा खांदा धरून वाकला. धाकटा दीर तेवढ्यात पाण्याच्या बादल्या घेऊन आला. धाकट्याचं लग्न झालेलं नव्हतं आणि जिभेला हाड नव्हतं. त्याने दोघांची तोंडं बघितली, एक रोप उपटून उन्हात धरलं आणि म्हणाला, "माशीला काय काटे दिसतात? तिला रस दिसतो. माणसासारखंच."

"भावजी, हसायची वेळ आहे का ही?"

"मग रडून लव झडणार आहे?" त्याने रोप परत मातीत खोचलं. "ऐका वहिनी. काटा दिसतो दुसऱ्या वर्षी. फळ धरतं चौथ्या वर्षी. रोपं वर गेली की कुणाचं कोणतं हे कोण ओळखणार? चार वर्षांत ओढ्याचं पात्र बदलतं."

"आपली लेक आहे तिथं," थोरली म्हणाली.

"म्हणूनच सांगतो. आत्ता बोललात तर तिला आत्ता ऐकून घ्यावं लागेल."

"आणि चार वर्षांनी? तिच्या कडेवर पोर असेल आणि रानभर काटे."

माळी थोरलीचा खांदा सोडून सरळ झाला आणि वरच्या उताराकडे बघू लागला. तिथून पहारींचा आवाज येत होता. वस्ती खड्डे खणत होती. खडकावर लोखंड आपटल्याचा तो आवाज दिवसभर यायचा आणि आजपर्यंत घरातल्या सगळ्यांना तो गोड वाटला होता.

"वेच," माळी म्हणाला. "फिरलेलं एकही ठेवू नको. उरतील ती देऊ."

दुसऱ्या दिवसापासून घर वाफ्यात उतरलं. फिरलेलं रोप डोळ्यांना फसवायचं. देठाचा लाल रंग उन्हानेही येतो. भरवसा फक्त पानाच्या पाठीचा, आणि तोही हाताने बघायचा. थोरलीने म्हाताऱ्याला हात धरून आणलं आणि वाफ्याच्या कडेला पोतं टाकून बसवलं. त्याची बोटं रोपांवरून अशी फिरत होती जशी झोपलेल्या लेकराच्या केसांतून. थांबली की तो म्हणायचा, "ही." थोरली उपटायची. उपटलेलं टोपलीत, आणि टोपली भरली की धाकटा ती ओढ्यात टाकायला न्यायचा.

"मामंजी," एकदा तिच्याने राहवेना. "तुम्ही तेव्हा म्हणाला होतात."

"काय म्हणालो होतो?"

"वासाचं."

म्हाताऱ्याची बोटं थांबली नाहीत. "मला तरी कुठं खात्री होती, पोरी. म्हातारपणी कशाचाही वास येतो. ही बघ. ही काढ."

तो शिव्या देता तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. तो खोटं बोलत होता हे तिला कळत होतं. त्याचं नाक आजवर चुकलेलं नव्हतं.

दुपार कलली की बोटं निकामी व्हायची. ओली माती बोटांवर वाळून भेगाळायची आणि कातडी इतकी जाड व्हायची की लव काय, काटाही लागला नसता. धुतली तरी तेच. म्हाताऱ्याचेही हात थरथरू लागायचे. मग थोरलीने वेगळाच मार्ग काढला. ती वाफ्यावर ओणवी व्हायची आणि पानाची पाठ खालच्या ओठाला लावायची. ओठ फसत नाही. लव असली की गुदगुली व्हायची. एक रोप, दुसरं रोप, कपाळ मातीला टेकवत ती ओळीच्या ओळी सरकायची. गुडघे सोलवटून निघाले. पाठीचा कणा संध्याकाळी सरळ व्हायला तयार नसायचा.

"वहिनी रोपांचे मुके घेतायत," धाकटा म्हणाला. पण म्हणताना त्याला हसू आलं नाही, आणि थोड्या वेळाने तोही शेजारच्या ओळीत ओणवा झाला.

वेचणी संपली तेव्हा तिचे ओठ चिरले होते आणि वाफे टक्कल पडल्यासारखे दिसत होते. चांगली रोपं उरली होती, पण वस्तीचा निम्मा उतारही त्यांनी झाकला नसता. आणि दुसरं बी नव्हतं. होतं ते सगळं त्याच बहराचं.

वर जायच्या आदल्या दिवशी ती सरपण आणायला घरामागे गेली. तिथं भिंतीलगत लांब चर खणलेला होता आणि त्यावर ओली पोती अंथरली होती. तिने पोतं उचललं. खाली फिरलेली रोपं उभी होती, मुळं मातीत नीट दाबलेली. चरात टाकून काही दिवसच झाले होते, तरी वाफ्यातल्या रोपांपेक्षा बोटभर उंच दिसत होती. नवी पानं फुटली होती.

धाकटा विहिरीवर होता. ती तिथं गेली.

"ओढ्यात टाकायला सांगितली होती ना?"

"सांगितली होती."

"ही परत मिसळायची होती तुम्हाला."

धाकट्याने दोर सोडला नाही. "होती. पहिल्या दिवशी होती. मग तुमचे ओठ बघितले आणि तेही जमेना. आणि टाकवेनाही. जगू बघणाऱ्याला फेकू नये, एवढंच कळतं मला. आता तुम्ही टाका. माझे हात धजत नाहीत."

ती परत भिंतीमागे गेली. एक रोप धरून ओढलं. ते येईना. इतक्या दिवसांतच त्याने माती पकडली होती. तिने हात काढून घेतला आणि पोतं पुन्हा पांघरलं.

सकाळी ती एकटीच वर गेली. पायवाट चढून उतारावर आली आणि पाय तिथंच थबकले. जिकडं बघावं तिकडं खड्डे. खड्ड्यांच्या काठी उकरलेले दगड रचून ठेवलेले. वस्तीने पोटाला चिमटा काढून हे काम केलं होतं, दुसऱ्या कुणाच्या कामावर न जाता. तिची लेक एका खड्ड्यात गुडघाभर उतरून कुदळीने तळ फोडत होती. दोन्ही तळव्यांना चिंध्या बांधलेल्या. आईला बघून तिने मान वर केली आणि तिच्या तोंडावर असा आनंद आला की थोरलीने नजर खाली घेतली.

"आलात का विहीणबाई!" लेकीची सासू पहार टाकून पुढं आली. "मी म्हणतच होते, आज-उद्या येणारच. गाडी मागून येतेय ना?"

"गाडी नाही. आधी बोलायचंय. कारभाऱ्यांना बोलवा."

वस्तीचा कारभारी जवळच खणत होता. तो आला, त्याच्यामागं बाकीचे आले. थोरली उभ्याउभ्याच बोलली. आदल्या दिवशी मनात जुळवलेलं सगळं विसरलं, राहिलं तेवढं सांगितलं. मी छाटलं, बहर उशिरा आला, कडवीशी गाठ पडली, रोपं फिरली. चांगली वेचून ठेवलीत, पण निम्म्यालाही पुरायची नाहीत.

एका म्हाताऱ्या बाईने खाली बसकण मारली. मग मागून कुणीतरी म्हणालं, "आम्ही तो बहर बघायला गेलो होतो. पोरांना खांद्यावर बसवून."

"वाहवा पण आपणच केली," दुसरा म्हणाला.

"दुसरं बी?" कारभाऱ्याने विचारलं.

"नाही."

"म्हणजे पुढचा बहर, मग फळ, मग रोप. दोन वर्षं." त्याने पायाने एक ढेकूळ खड्ड्यात ढकललं. "हे रान आम्ही उकरून ठेवलंय. असं उघडं राहिलं तर एका हंगामात माती वाहून जाईल. जाईल कुठं, तर तुमच्याच बागेत. मग दोन वर्षांनी रोपं लावायची कशात? दगडात?"

थोरलीने वाकून खड्ड्यात बघितलं.

"काढलेली रोपं काय केलीत?" कारभाऱ्याने विचारलं.

हा प्रश्न येईल असं तिला वाटलं नव्हतं. ओढ्यात टाकली, एवढं म्हटलं की पुरे होतं. धाकट्याची चूक झाकली गेली असती आणि तिची सचोटी उभी राहिली असती. सगळे तिच्या चिरलेल्या ओठांकडे बघत होते. लेकही बघत होती.

"आहेत," ती म्हणाली. "घरामागे चरात लावलीत."

"मूळ धरतील?"

"गोडीपेक्षा घट्ट."

"फळ?"

"कडू येईल. नाहीतर येणारच नाही. मला ठाऊक नाही. आमच्यात कुणी अशी वाढवलेली नाहीत."

कारभाऱ्याने मागे वळून लोकांकडे बघितलं. कुणी मान हलवली नाही, कुणी नाहीही म्हटलं नाही. "आणा," तो म्हणाला. "माती तरी राहील." मग आवाज उतरवून, जवळ येऊन बोलला, "आणि लावणी झाली की घर मोकळं करा. रागाने सांगत नाही. खोटं बोलला असतात तर रागावलो असतो. पण ज्या हातांनी ऋतू चुकला त्या हातांत पुन्हा बी कसं ठेवायचं? लोक ऐकायचे नाहीत."

"म्हाताऱ्याला कुठं नेऊ?"

"ते मला विचारू नका," कारभारी म्हणाला आणि आपल्या खड्ड्याकडे गेला.

लावणीच्या दिवशी आभाळ राखेसारखं होतं आणि वारा कान कापत होता. धाकट्याने गाडी दोनदा भरून आणली. चांगली रोपं एका बाजूला, फिरलेली दुसऱ्या बाजूला. म्हातारा घरीच होता, बाजेवर. निघताना त्याने विचारलं होतं, "सामान कधी बांधायचं?" घर सोडायचंय हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

वाटप वरच्या टोकापासून सुरू झालं. जो तो येई, चांगल्या ढिगातली आपल्या वाट्याची घेई, उरलेल्या खड्ड्यांसाठी फिरलेल्यांतली घेई. घेताना थोरलीच्या हाताला हात लागू नये अशी काळजी घेत होते. लेकीची सासू पुढं आली तेव्हा कारभाऱ्याने चांगली रोपं मोजायला घेतली.

"राहू द्या," सासू म्हणाली. "आम्हाला ती नकोत. आमच्या सगळ्या रानात फिरलेलीच लावू."

"सगळ्या?"

"सगळ्या. उद्या कुणी म्हणायला नको, आईने लेकीचं रान तेवढं चांगलं भरलं." हे बोलताना ती थोरलीकडे बघत नव्हती. सुनेकडे बघत होती. "काय गं? चालेल ना?"

लेकीने मान हलवली आणि वाकून टोपली उचलली.

थोरलीला कुणी बोलावलं नाही. तरी ती टोपलीमागे गेली. लेक खड्ड्यात रोप उभं धरायची, थोरली माती लोटायची. एक झालं, दुसरं झालं. लेकीच्या चिंध्यांमधून रक्त झिरपून रोपांच्या देठांना लागत होतं. देठ आधीच लाल होते, त्यामुळे कळत नव्हतं. पलीकडच्या रानात लोक मोठ्याने बोलत होते, आणि या दोघी ऐकू येईल इतक्या जवळ आल्या की गप्प व्हायचे.

"आई, ओठांना काय झालं?" लेकीने विचारलं.

"वाऱ्याने चिरले."

"तूप लाव जरा." मग पुन्हा एक रोप हातात घेऊन तिने पान उलटं केलं, अंगठा फिरवला. "यालाच ना काटा येणार?"

"दुसऱ्या वर्षी."

लेकीने रोप खड्ड्यात उभं केलं. आईने माती लोटली. लेक गुडघ्यांवर बसली, दोन्ही तळहात खोडाशी टेकवले आणि सगळा भार देऊन दाबू लागली.

"दाब मग," ती म्हणाली. "आत्ताच काय ते घट्ट दाबून घेऊ. दुसऱ्या वर्षी हात लावता यायचा नाही."